विमानाचा उड्डाणवेग स्वतः कसा काढावा : चिकलठाण्याच्या धावपट्टीवर मांडलेले गणित

विमान धावपट्टी सोडते त्या क्षणी त्याचा वेग किती असतो, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘ताशी २४० ते २९० किलोमीटर’ असे ठरीव उत्तर मिळते. मोठ्या प्रवासी विमानांपुरते ते चूक नाही, पण अपुरे आहे. तेच विमान, तितकेच प्रवासी आणि तितकेच इंधन घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून जानेवारीच्या पहाटे निघाले, तर त्याला जमिनीवर जितका वेग गाठावा लागतो, त्याहून बराच जास्त वेग मे महिन्याच्या भर दुपारी गाठावा लागतो. म्हणून एकच आकडा पाठ करण्यापेक्षा तो कसा काढायचा हे शिकून घेणे बरे. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राची तयारी आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे काम होते. येथे निघणारे आकडे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठी वैमानिक विमान बनवणाऱ्या कंपनीने चाचण्या घेऊन तयार केलेले तक्ते आणि त्यावर आधारलेली संगणकीय गणिते वापरतात.

आधी वेग कोणता, ते ठरवा

गणिताला हात घालण्यापूर्वी कागदाच्या माथ्यावर दोन वेगळ्या ओळी लिहून ठेवाव्यात : हवेच्या संदर्भातील वेग आणि जमिनीच्या संदर्भातील वेग. विमानाला उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. तिला चाके किती जोरात फिरत आहेत याच्याशी काही देणेघेणे नसते. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणात विमानाने बारा सेकंदांत सुमारे ३७ मीटर अंतर कापले, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याचा वेग ताशी जेमतेम ११ किलोमीटर दिसला असता, आणि माणूस त्याच्या शेजारून सहज धावू शकला असता. तरीही ते हवेत राहिले, कारण समोरून ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा येत होता आणि पंखांच्या दृष्टीने दोन्हींची बेरीज झाली होती. उड्डाणाला ‘लागणारा’ वेग हा नेहमी हवेच्या संदर्भातला असतो. जमिनीवरचा वेग त्यातून नंतर, वारा हिशेबात घेऊन, काढायचा असतो. हा भेद एकदा मनात पक्का बसला की पुढचे सगळे गणित सरळ आहे.

मूळ सूत्र आणि पहिले उदाहरण

पंखांमुळे विमानाला वर उचलणारे जे बल निर्माण होते त्याला उत्थापन म्हणू. हे बल पाच गोष्टींच्या गुणाकाराइतके असते : अर्धा, हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखांचे क्षेत्रफळ आणि उत्थापन गुणांक. शेवटचा गुणांक पंखाचा आकार, पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप (खाली झुकवता येणाऱ्या पट्ट्या) किती उतरवले आहेत आणि पंख समोरून येणाऱ्या हवेशी किती कोन करतो, यांवर अवलंबून असतो. कोन वाढवत नेला की गुणांक वाढतो, पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटू लागते आणि उत्थापन एकाएकी ढासळते. याला स्टॉल म्हणतात. गुणांक कमाल असताना ज्या वेगाला उत्थापन आणि वजन सारखे होतात तो स्टॉल वेग. त्याहून हळू उडणे सरळ उड्डाणात शक्य नसते, म्हणून आपले गणित त्या वेगापासून सुरू होते.

सूत्र वेगासाठी मांडले की कृती अशी होते. विमानाचे किलोग्रॅममधील वस्तुमान ९.८१ ने गुणून वजन न्यूटनमध्ये काढावे. त्याची दुप्पट करावी. त्या संख्येला घनता, क्षेत्रफळ आणि कमाल गुणांक यांच्या गुणाकाराने भागावे. भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे मीटर प्रति सेकंदातील स्टॉल वेग. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात, आणि ताशी किलोमीटरांना १.८५२ ने भागले की विमानवाहतुकीत चालणारे नॉट मिळतात.

पहिल्यांदा लहान विमान घ्यावे, कारण त्याचे आकडे सहज पडताळता येतात. वैमानिक-प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ या विमानाचे कमाल उड्डाण-वस्तुमान त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत १०८९ किलो आहे आणि पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर आहे. फ्लॅप न उतरवता कमाल गुणांक सुमारे १.६ धरू. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची प्रमाण घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. वजन १०,६८३ न्यूटन, त्याची दुप्पट २१,३६६, भाजक ३१.७५, भागाकार सुमारे ६७३ आणि वर्गमूळ २५.९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९३ किलोमीटर.

पण स्टॉल वेगालाच कोणी विमान उचलत नाही. त्या वेगाला वाऱ्याचा एक झोत मंदावला तरी विमान पुन्हा खाली आदळेल. मोठ्या विमानांच्या बाबतीत तर धावपट्टीवर नाक तितके वर केले की शेपूट जमिनीला घासेल. म्हणून अंदाजासाठी स्टॉल वेगाच्या दहा टक्के वरचा वेग धरावा. सेस्नासाठी तो २८.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १०३ किलोमीटर किंवा सुमारे ५५ नॉट येतो. या विमानाच्या पुस्तिकेत नाक उचलण्याचा वेगही ५५ नॉटच दिलेला असतो.

आता प्रवासी जेट. एअरबस ए-३२० च्या पंखांचे क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर आहे. छोट्या पल्ल्याच्या फेरीसाठी वस्तुमान ७०,००० किलो धरू, आणि उड्डाणासाठी फ्लॅप व पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या उतरवलेल्या असल्याने कमाल गुणांक सुमारे २.२ धरू. याच कृतीने समुद्रसपाटीवर स्टॉल वेग ६४.५ आणि उड्डाणवेग ७१ मीटर प्रति सेकंद निघतो, म्हणजे ताशी २५५ किलोमीटर किंवा सुमारे १३८ नॉट. सेस्नाच्या चौसष्टपट वस्तुमान असूनही वेग अडीचपटच लागतो, हे येथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्यामागे मोठे पंख, चांगले फ्लॅप आणि सूत्रातले वर्गमूळ ही तीन कारणे आहेत.

मराठवाड्याची हवा हिशेबात घेणे

येथवरचे आकडे समुद्रसपाटीवरच्या सुखद हवेचे झाले. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात तेथे पारा चाळिशी गाठतो. दोन्ही गोष्टींनी हवा विरळ होते, आणि विरळ हवेत तेवढेच उत्थापन मिळवायचे तर जास्त वेग लागतो. घनता काढण्याची रीत सोपी आहे : हेक्टोपास्कलमधील दाबाला १०० ने गुणावे, आणि आलेल्या संख्येला २८७ व केल्विनमधील तापमान यांच्या गुणाकाराने भागावे. केल्विनसाठी सेल्सिअसमध्ये २७३ मिळवावेत.

या पायरीवर बहुतेक विद्यार्थी घसरतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हवामानाच्या बातम्यांत किंवा मोबाइलमधील हवामानाच्या पानावर जो १००५ किंवा १०१२ असा दाब दिसतो, तो त्या गावचा प्रत्यक्ष दाब नसतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. आपल्याला मात्र धावपट्टीवरचा खरा दाब हवा. त्यासाठी दर साडेआठ मीटर उंचीमागे एक हेक्टोपास्कल वजा करावा. मराठवाड्याच्या उंचीसाठी ही ढोबळ रीत पुरेशी आहे. चिकलठाण्यासाठी वजाबाकी ६८ च्या आसपास येते. नांदेडच्या विमानतळाची उंची सुमारे ३८० मीटर असल्याने तेथे ४५ वजा करावे लागतील. उन्हाळ्यात जमीन तापून एकूण दाबही थोडा खाली आलेला असतो, त्यामुळे मेच्या दुपारी चिकलठाण्याचा खरा दाब ९४० आणि जानेवारीच्या पहाटे ९४७ असा धरून चालू.

मेची दुपार, ४० अंश : घनता १.०५. जानेवारीची पहाट, १२ अंश : घनता १.१६. दोन्हींमध्ये फरक करणारे मुख्य कारण तापमान आहे. दाबाचा वाटा त्यात लहान आहे. पावसाळ्यातील बाष्पाने हवा आणखी किंचित हलकी होते, पण तो परिणाम एखाद्या टक्क्याच्या आसपासचा असल्याने पहिल्या अंदाजात सोडून द्यायला हरकत नाही.

नव्या घनतेने सगळे गणित पुन्हा करण्याची गरज नाही. १.२२५ ला नव्या घनतेने भागावे, वर्गमूळ काढावे आणि समुद्रसपाटीच्या वेगाला त्याने गुणावे. जानेवारीसाठी हा गुणक १.०२८ येतो आणि ए-३२० चा वेग ताशी २६३ किलोमीटर होतो. मेसाठी गुणक १.०८ आणि वेग ताशी २७६ किलोमीटर. सेस्नाचा वेग त्याच दुपारी १०३ वरून १११ वर जातो.

मग मे महिन्यात वैमानिक वेगळा आकडा लक्षात ठेवतो का? ठेवत नाही, आणि मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. विमानातील वेगदर्शक समोरून एका नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो, आणि तो दाब घनता व वेगाचा वर्ग यांच्याच गुणाकारावर ठरतो, म्हणजे उत्थापनाच्या सूत्रातल्या त्याच दोन राशींवर. हवा विरळ झाली की उत्थापन जितके घटते तितकाच दर्शकाचा आकडाही घटतो. परिणामी तेवढ्याच वजनाच्या विमानासाठी दर्शकावर १३८ नॉट दिसले की जानेवारीत काय आणि मेत काय, पंखांना पुरेसा आधार मिळालेला असतो. मात्र खालून पळणारी जमीन मेमध्ये ताशी तेरा किलोमीटर अधिक वेगाने पळत असते. हा जादा वेग पंखांना आणि दर्शकाला जाणवत नाही. तो जाणवतो चाकांना आणि धावपट्टीच्या लांबीला. ए-३२० सारख्या विमानाच्या टायरांना १९५ नॉटची मर्यादा असते आणि ती जमिनीवरच्या वेगाची असते, हेही येथे नोंदवून ठेवावे.

वारा

आता जमिनीच्या संदर्भातल्या वेगाची दुसरी ओळ भरायची. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा चुंबकीय दिशा दाखवतो, शेवटचे शून्य गाळून. चिकलठाण्याला एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७ आहे, म्हणजे धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिच्यावरून सांगतात. म्हणून पश्चिमेचा वारा असेल तर २७ च्या दिशेने, पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण करणे फायद्याचे. जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यावर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असल्याने त्या महिन्यांत विमाने शहराकडे तोंड करून निघताना दिसली तर त्यात नवल नाही.

मेच्या आपल्या उदाहरणात समोरून १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग २७६ ऐवजी २५७.५ लागेल. तोच वारा पाठीमागून असेल तर २९४.५. वारा तिरका असेल तर धावपट्टीशी त्याचा कोन पाहून कोसाइनने गुणावे : ३० अंशांना त्याचा ८७ टक्के आणि ६० अंशांना निम्मा भाग कामी येतो. पूर्ण आडवा वारा वेग घटवत नाही की वाढवत नाही. तो फक्त वैमानिकाचे काम अवघड करतो.

वेगातून अंतराकडे

उड्डाणवेगाचे गणित करून तेथेच थांबणे म्हणजे अर्धे काम. वेग किती लागतो याइतकेच तो किती अंतरात गाठता येतो हे महत्त्वाचे. त्याचे सूत्र शाळेतले आहे : वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. प्रवासी जेटचे सरासरी त्वरण दर सेकंदाला १.८ ते २ मीटर प्रति सेकंद इतके धरता येते. मेच्या दुपारी, वारा नसताना, ७६.७ मीटर प्रति सेकंद वेगासाठी १.८ त्वरणाने सुमारे १६३५ मीटर धाव लागते. समुद्रसपाटीवर २ च्या त्वरणाने ती १२६० मीटर असती. मेसाठी त्वरण मुद्दाम कमी धरले आहे, कारण विरळ हवा इंजिनालाही कमी मिळते. जेट इंजिने ठरावीक तापमानापर्यंत पूर्ण जोर देतात आणि त्यापुढे इंजिन तापू नये म्हणून त्यांचा जोर उतरवावा लागतो. पंख आणि इंजिन अशी दुहेरी तूट उन्हाळ्यात पडते. अंतर वेगाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे वाऱ्याचा परिणामही येथे मोठा दिसतो : समोरचा १० नॉट वारा धाव सुमारे तेरा टक्क्यांनी कमी करतो आणि पाठीमागचा तेवढाच वारा ती चौदा टक्क्यांनी वाढवतो.

चिकलठाण्याची सध्याची धावपट्टी २८०० मीटरहून थोडी अधिक लांब आहे. मग १६३५ मीटरला एवढी काळजी कशाची, असे वाटेल. उत्तर असे की धावपट्टी केवळ उडण्यापुरती असून चालत नाही. उड्डाणाच्या धावेत वैमानिकांचे तीन वेग ठरलेले असतात. पहिला व्ही-वन : त्याच्या आत एखादे इंजिन बंद पडले तर ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीत थांबता येते, त्यानंतर मात्र उड्डाण सोडून देता येत नाही. दुसरा व्ही-आर : या वेगाला दोन वैमानिकांपैकी जो विमान हाकत नसतो तो ‘रोटेट’ म्हणतो आणि नाक वर घेतले जाते. चाके त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी जमीन सोडतात. तिसरा व्ही-टू : एक इंजिन बंद असतानाही सुरक्षितपणे वर चढता येईल असा वेग, जो आजच्या नियमांनुसार जेट विमानात स्टॉल वेगाच्या किमान १.१३ पट असावा लागतो. आपण काढलेला वेग व्ही-आर आणि व्ही-टू यांच्या मधला आहे. थांबण्यासाठी आणि एका इंजिनावर चढण्यासाठी लागणारी जागा हिशेबात घेतली की २८०० मीटर ही चैन उरत नाही.

या हिशेबातली एखादी कडी निसटली तर काय होते, याचे उदाहरण याच विमानतळाच्या इतिहासात आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईकडे निघाले. त्यात ११८ जण होते. त्या वेळची धावपट्टी आजच्यापेक्षा बरीच आखूड होती आणि तिच्या पूर्व टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता. जमीन सोडल्यावर विमानाचा डावा भाग त्या रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकला, पुढे ते उच्चदाबाच्या वीजतारांना लागून कोसळले आणि ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत दोन कारणे पुढे आली : नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती. ‘उशिरा’ या शब्दाचा अर्थ आपल्या आकड्यांत पाहता येतो. ताशी २७६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७७ मीटर. नाक उचलायला तीन सेकंद उशीर झाला तर सव्वादोनशे मीटरहून अधिक धावपट्टी मागे पडते.

वेग जास्त होत असेल तर काय कमी करावे

हवा आणि धावपट्टी आपल्या हातात नसतात. हातात असते ते वजन. वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे ए-३२० मधून १० टन उतरवून ते ६० टनांचे केले, तर मेच्या दुपारचा उड्डाणवेग २७६ वरून ताशी २५५ किलोमीटरवर, म्हणजे ७० टनांच्या विमानाच्या समुद्रसपाटीवरच्या आकड्यावर येतो. दहा टन हे उदाहरणापुरते झाले. तेवढे प्रवासी उतरवले तर ती फेरी चालवण्यात अर्थ राहणार नाही. प्रत्यक्षात आधी इंधन गरजेपुरतेच भरणे, मग माल कमी करणे, फ्लॅप थोडे अधिक उतरवणे आणि शक्य असेल तेथे फेरी सकाळी किंवा रात्री ठेवणे असे मार्ग निघतात. लेहसारख्या सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या विमानतळावर सकाळच्या फेऱ्यांना पसंती मिळते, त्यामागे दुपारच्या वाऱ्यांबरोबर हेही कारण आहे.

उष्णतेने उड्डाणे थेट रद्द होण्याचे प्रकारही घडतात. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स येथे काही छोट्या प्रादेशिक जेटच्या फेऱ्या रद्द झाल्या, कारण त्या विमानांची तापमानमर्यादा सुमारे ४८ अंश होती आणि शहराचा पारा तिच्यापलीकडे जाणार होता. मर्यादेच्या वरच्या तापमानासाठी तक्त्यांत आकडेच नसतात, आणि आकडे नसतील तर उड्डाण नाही. परभणी-नांदेडचा ४४ अंशांचा उन्हाळा त्या मर्यादेच्या आत असला तरी वजनाची कात्री त्याच्या बऱ्याच आधी लागू शकते.

खिडकीजवळ बसून पडताळा

आपले गणित किती जमले हे प्रवासात तपासता येते. फोन फ्लाइट मोडमध्ये असला तरी त्यातील जीपीएस चालू ठेवता येतो आणि खिडकीला धरला तर त्याला उपग्रहांचे संकेत मिळतात. वेग दाखवणारे एखादे साधे ॲप आधीच उघडून ठेवावे. चाकांची खडखड थांबते त्या क्षणीचा आकडा टिपावा. तो जमिनीवरचा वेग असतो, म्हणून समोरचा वारा त्यात मिळवूनच आपल्या पहिल्या ओळीशी त्याची तुलना करावी. वाऱ्यासाठी त्या तासाचा विमानतळाचा हवामान-अहवाल पाहावा, ज्यात पाच आकड्यांच्या एका गटात पहिले तीन दिशा आणि पुढचे दोन नॉटमधील वेग सांगतात.

जीपीएस लागला नाही तर घड्याळ पुरते. इंजिनांचा आवाज चढून विमान सुटते तेव्हापासून चाके उचलेपर्यंतचे सेकंद मोजावेत. ते अंदाजाने ३० ते ४० भरतात. त्वरण एकसारखे धरले तर धावेचे अंतर म्हणजे अंतिम वेग गुणिले वेळ, भागिले दोन. रात्रीची फेरी असेल तर कडेच्या दिव्यांचाही उपयोग होतो, कारण उपकरणांच्या आधारे उतरता येते अशा धावपट्टीवर ते एकमेकांपासून ६० मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसतात. उड्डाणवेगाला सेकंदाला सव्वा दिवा मागे पडावा.

अंतराचा आकडा आपल्या अंदाजाहून लांब निघाला तर लगेच गणित चुकले असे समजू नये. धावपट्टी लांब आणि विमान हलके असेल तेव्हा वैमानिक इंजिनांचा पूर्ण जोर लावतच नाहीत. संगणकाला प्रत्यक्षाहून जास्त तापमान सांगून जोर मुद्दाम उतरवला जातो, त्यामुळे इंजिनाचे आयुष्य वाढते आणि त्वरण मात्र कमी दिसते. अशा वेळी पडताळा वेगाचाच घ्यावा, अंतराचा नव्हे.